आरोग्य प्रश्नोत्तरे : पारलिंगी स्त्रियांचा संप्रेरक उपचार

पारलिंगी स्त्री म्हणजे जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती, आणि संप्रेरक म्हणजे हार्मोन. गेल्या काही महिन्यांत या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर काढून टाकला आहे. उत्तरांत औषधांच्या मात्रा आल्या आहेत त्या समजुतीसाठी. स्वतःची मात्रा स्वतःच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

प्रश्न : मी 26 वर्षांची पारलिंगी स्त्री आहे. डोंबिवलीला राहते आणि अंधेरीच्या एका खासगी कंपनीत लेखा विभागात काम करते. कागदोपत्री अजून पुरुष आहे व कार्यालयात कोणालाही याची कल्पना नाही. एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून चार महिन्यांपासून माला-डीच्या गोळ्या घेत आहे. आधी रोज एक घेत होते, आता दोन घेते. छाती थोडी दुखरी झाली आहे, याव्यतिरिक्त फरक जाणवत नाही. स्वतःहून इस्ट्राडिओलची (स्त्री संप्रेरकाची) तपासणी केली तर ते फारच कमी आले. तीन गोळ्या घ्याव्यात का? रीतसर उपचार कोठे आणि कसा सुरू होतो, आणि किती काळात काय बदलते?

उत्तर : तिसरी गोळी घेऊ नका, आणि ज्या दोन घेत आहात त्याही आजच थांबवा, त्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याची गरज नाही. माला-डी ही गर्भनिरोधक गोळी आहे. तिच्या पाकिटातील 28 गोळ्यांपैकी 7 तर नुसत्या लोहाच्या असतात, आणि उरलेल्या 21 गोळ्यांत इथिनिल इस्ट्राडिओल व लेव्होनॉरजेस्ट्रेल अशी दोन संप्रेरके असतात. यांतले लेव्होनॉरजेस्ट्रेल किंचित पुरुषी गुणाचे आहे, म्हणजे तुम्ही ज्या हेतूने गोळी घेत आहात त्याच्याच ते थोडे आड येते. खरी काळजी मात्र इथिनिल इस्ट्राडिओलची आहे. शरीरात तयार होणारे इस्ट्राडिओल आणि हे कृत्रिम संप्रेरक यांची नावे मिळतीजुळती असली, तरी कृत्रिम प्रकाराचा यकृतावरचा परिणाम कितीतरी जोरकस असतो. त्यामुळे रक्त गोठवणारे घटक वाढतात आणि पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. नेदरलँड्समध्ये पूर्वी पारलिंगी स्त्रियांना हेच औषध मोठ्या मात्रेत दिले जात असे आणि तेथे गुठळ्यांचे प्रमाण फार आढळले. म्हणूनच या उपचारात इथिनिल इस्ट्राडिओल वापरू नये, असे आजची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात.

आता तुमच्या अहवालातील आकड्याविषयी. प्रयोगशाळेतील नेहमीची तपासणी नैसर्गिक इस्ट्राडिओल मोजते. गोळीतले इथिनिल इस्ट्राडिओल तिला जवळजवळ दिसतच नाही. शिवाय बाहेरून आलेल्या संप्रेरकामुळे मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश मंदावतो, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटते आणि त्यापासून शरीरात तयार होणारे थोडेफार इस्ट्राडिओलही घटते. परिणामी कागदावर आकडा तळाला गेलेला आणि यकृतावरचा भार मात्र दुप्पट, अशी स्थिती होते. असा अहवाल हातात घेऊन बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या मुली मी वारंवार पाहते, आणि आकडा कमी दिसला म्हणून गोळ्या वाढवल्याचेच त्या सांगतात. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा आणि कोणत्या गोळ्या घेत होता हे तेथील डॉक्टरांना संकोच न करता सांगा.

रीतसर उपचारासाठी अंतःस्राव तज्ज्ञ, म्हणजेच एंडोक्रिनॉलॉजिस्ट, यांच्याकडे जावे लागते. परळच्या केईएम रुग्णालयात हा विभाग आहे. सांताक्रूझच्या वाकोल्यातील हमसफर ट्रस्ट ही संस्था 1994 पासून मुंबईत काम करते. समजून घेणारे डॉक्टर कोण, हे तेथे विचारता येते. खासगी दवाखान्यात जाणार असाल तर आधी दूरध्वनी करून, येथे पारलिंगी रुग्णांना संप्रेरक उपचार दिला जातो का, एवढे विचारून घ्या, म्हणजे डोंबिवलीहून येण्याचा फेरा आणि रजा वाया जाणार नाही. सरकारी रुग्णालयात केसपेपरवर ओळखपत्रातलेच नाव लिहिले जाते आणि प्रतीक्षेत तेच मोठ्याने पुकारले जाते. हे टाळायचे असेल तर आडनावाने पुकारावे, अशी विनंती परिचारिकांना आधीच करून ठेवा. बहुतेक ठिकाणी ती मान्य होते.

पहिल्या भेटीत औषध हाती पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. रक्तदाब, वजन, घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, तंबाखूचे व्यसन, अर्धशिशी, याआधी घेतलेली औषधे, या सगळ्याची नोंद होते. त्यानंतर हिमोग्लोबिन, यकृत व मूत्रपिंडाचे कार्य, पोटॅशियम, साखर, चरबी, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्राडिओल या तपासण्या सांगितल्या जातात; एचआयव्ही व कावीळ ब आणि क यांच्याही करून घ्याव्यात. यांपैकी काही दोष निघाला म्हणजे उपचार मिळणार नाही, असे नाही. उदाहरणार्थ, एचआयव्हीसाठी आपल्याकडे सरकारी केंद्रांतून सर्वसाधारणपणे मिळणारी डोल्युटेग्रॅव्हिरयुक्त गोळी आणि इस्ट्राडिओल ही दोन्ही एकत्र घेता येतात.

आपल्याकडील बहुतेक डॉक्टर मनोविकारतज्ज्ञाचे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे एक पत्र मागतात. याचा अर्थ तुम्हाला मनोविकार आहे असे कोणी ठरवत आहे, असा घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात लिंगभावातील ही विसंगती मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढली आहे. तुमची लिंगभावाची जाणीव टिकून राहिलेली आहे, उपचाराचे परिणाम तुम्हाला नीट समजले आहेत आणि दुसरा एखादा आजार असल्यास तो आटोक्यात आहे, एवढेच त्या पत्रात पाहायचे असते. नैराश्य असेल तर त्यावर उपचार सोबत चालतो. काही ठिकाणी सज्ञान व्यक्तीकडूनही आईवडिलांचे संमतिपत्र मागितले जाते. 26 वर्षांच्या स्त्रीकडे असे पत्र मागणे मला गैर वाटते. तुमच्याकडे मागितले गेले तर डॉक्टर बदला.

एक निर्णय औषधाआधीच घ्यायचा आहे. हा उपचार शुक्राणूंची निर्मिती मंदावतो आणि ती पुढे पूर्ववत होईलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पुढेमागे स्वतःचे मूल हवे असे वाटण्याची थोडीशी जरी शक्यता असेल, तर शुक्राणू गोठवून ठेवण्याविषयी आताच विचारा. चार महिने गोळ्या घेतल्यामुळे आधी वीर्यतपासणी करावी लागेल आणि कदाचित काही महिने थांबावेही लागेल. उलट बाजूही लक्षात ठेवा : संप्रेरक उपचार हे गर्भनिरोधक नाही.

प्रत्यक्ष औषधे दोन प्रकारची असतात. पहिले इस्ट्राडिओल. ते गोळीने दिल्यास दिवसाला साधारण 2 ते 6 मिलिग्रॅम, किंवा त्वचेला चोळायच्या जेलच्या रूपात. दुसरे टेस्टोस्टेरॉन रोखणारे औषध. स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात लघवी वाढवणारे, रक्तदाबाचे औषध. या उपचारात ते दिवसाला 100 ते 300 मिलिग्रॅमपर्यंत जाते. याच कामाचे सिप्रोटेरॉन पूर्वी 50 किंवा 100 मिलिग्रॅम सर्रास दिले जाई. मोठ्या मात्रेमुळे मेंदूच्या आवरणाची मेनिंजिओमा नावाची गाठ होण्याचा संबंध लक्षात आल्यानंतर आता 10 मिलिग्रॅमच्या आसपासच थांबतात, आणि तेवढ्याने काम भागते. तुमच्या हाती कोणी 50 मिलिग्रॅमचे पाकीट दिले, तर मात्रेविषयी अवश्य प्रश्न विचारा.

स्पायरोनोलॅक्टोन घेणारीचा दिवस कसा जातो हे पुस्तकात लिहिलेले नसते. डोंबिवली ते अंधेरी हा दादरला गाडी बदलून होणारा प्रवास लघवी वाढवणारी गोळी पोटात असताना करणे, आणि स्थानकावर पुरुषांच्या स्वच्छतागृहात जावे की स्त्रियांच्या, हा प्रश्न रोज सोडवणे, हे काही सोपे नाही. पाणी पिणे कमी करून हा प्रश्न सोडवू नका. गोळीची वेळ बदलता येते. सकाळची मात्रा कार्यालयात पोहोचल्यावर घेणे हा एक साधा मार्ग आहे, डॉक्टरांशी बोलून ठरवा. हे औषध पोटॅशियम शरीरात राखून ठेवते, म्हणून रोजचे नारळपाणी आणि 'लो सोडियम' म्हणून विकले जाणारे मीठ या दोन्हींपासून दूर राहा; त्या मिठात काही सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते.

बदलांचा क्रम बहुतेकींमध्ये सारखा असतो, वेग मात्र सारखा नसतो. पहिल्या एक ते तीन महिन्यांत कामेच्छा आणि सकाळचे ताठरपण कमी होते. तीन ते सहा महिन्यांत त्वचा मऊ व कमी तेलकट होते, स्तनाग्रांमागे बोराएवढी दुखरी गाठ हाताला लागते, चरबी मांड्या व नितंबांकडे वळू लागते आणि स्नायूंची ताकद कमी होते. ती गाठ म्हणजे स्तनांच्या वाढीची सुरुवात होय. पूर्ण वाढीला दोन ते तीन वर्षे लागतात आणि ती मर्यादितच राहू शकते. अंगावरचे केस विरळ होतात, पण दाढी जात नाही. तिच्यासाठी लेसर किंवा इलेक्ट्रोलिसिसच करावे लागते. डोक्यावरचे गळणे थांबते, गेलेले केस परत येतील असे मात्र धरू नये. आवाज एकदा फुटला की इस्ट्राडिओलने तो बारीक होत नाही. त्यासाठी वाचा-उपचार तज्ज्ञाकडे सराव करावा लागतो. उंची आणि हाडांचा सांगाडा यांत फरक पडत नाही.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी होते. टेस्टोस्टेरॉन 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि इस्ट्राडिओल साधारण 100 ते 200 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, हे उद्दिष्ट असते. या पल्ल्यात आल्यावर मात्रा आणखी वाढवल्याने स्तन लवकर वाढतात, हा समज मुंबईभर पसरलेला आहे आणि तो खोटा आहे. वाढतो तो फक्त धोका. तपासणीला जाताना दर वेळी गोळी घेतल्यापासून तेवढ्याच तासांनी जा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर त्या दोन-तीन दिवस आधी बंद करा, कारण मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही यंत्रांवर संप्रेरकांचे आकडे खोटेच वाढलेले दिसतात.

कार्यालयातील कागदपत्रांचा प्रश्न वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाचा पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीचा 2014 चा नाल्सा निकाल आणि संसदेचा त्याच विषयावरचा 2019 चा कायदा यांमुळे ओळखपत्राची वाट खुली झाली, आणि त्याच कायद्याच्या कलम 15 मध्ये संप्रेरक उपचाराची व समुपदेशनाची सोय करण्याची जबाबदारी शासनावर टाकली गेली. पण औषध कार्यालयात सांगूनच सुरू करावे, असे काही नाही. पहिले काही महिने सैल सदऱ्याखाली फारसे काही दिसत नाही.

प्रश्न : आम्ही गिरगावात राहतो. माझ्या 21 वर्षांच्या मुलाने, आपण मुलगी आहोत असे आम्हाला सांगितले आहे आणि तो डॉक्टरांकडे जाऊन हार्मोन सुरू करणार म्हणतो. माझे दीर म्हणतात, पुरुषी हार्मोनची इंजेक्शने दिली तर हे खूळ जाईल. ह्यांनी तर बोलणेच सोडले आहे. मला एवढेच विचारायचे आहे, की औषध चालू केले आणि उद्या त्याचे मन बदलले तर शरीर पूर्वीसारखे होईल का?

उत्तर : तुम्ही रागावण्याआधी विचारत आहात, हे तुमच्या लेकीच्या दृष्टीने फार मोठे आहे. मी लेक म्हणते, कारण तिने तुम्हाला तेच सांगितले आहे. तुमच्या तोंडी हा शब्द बसायला वेळ लागेल, तो लागू द्या.

दिरांच्या सल्ल्याविषयी आधी. पारलिंगी स्त्रियांचे टेस्टोस्टेरॉन उपचारापूर्वी सामान्यतः पुरुषांइतकेच असते. जे कमी नाही ते बाहेरून घातल्याने लिंगभाव बदलत नाही. मुरुमे वाढतात, केस गळतात, रक्त घट्ट होते आणि मुलीला आपले शरीर अधिकच परके वाटू लागते. लिंगभाव बदलण्याच्या नावाखाली केलेल्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. असे इंजेक्शन द्यायला कोणी डॉक्टर तयार झाला, तर त्याच्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढू नका.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. औषध थांबवले तर त्वचा, चरबीची ठेवण, स्नायू आणि कामेच्छा हे सर्व बहुतांशी काही महिन्यांत पूर्वपदावर येते. स्तनांची झालेली वाढ राहते आणि ती नको असल्यास शस्त्रक्रियाच करावी लागते. प्रजननक्षमता परत येते किंवा येतही नाही. औषध जितके अधिक काळ घेतले, तितका हा प्रश्न अधिक अनिश्चित होतो. म्हणजे पहिले दोन-तीन महिने जे होते त्यातले बरेचसे परत फिरणारे असते, आणि म्हणूनच चांगला डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करून पहिल्या तिमाहीत मुलीला बोलते करतो. औषध घेऊन मन शांत झाले का, झोप लागते का, आरशात पाहावेसे वाटते का, हे तो विचारतो. मन बदलणाऱ्या व्यक्ती असतात, पण त्या थोड्या असतात. आणि मन न बदलताही घरच्या किंवा समाजाच्या दडपणाने औषध सोडणाऱ्याही असतात, हे तुमच्या घरातल्या अबोल्याकडे पाहून सांगावेसे वाटते.

शुक्राणू गोठवण्याविषयी वरच्या उत्तरात लिहिले आहे. तो निर्णय तिचा आहे. नातवंडांचा विषय काढून तिला अडवू नका, पण ही सोय असते एवढे तिच्या कानावर जरूर घाला. 21 व्या वर्षी तो विचार कोणाच्या मनात सहसा येत नाही. पहिल्या भेटीला तिने नको म्हटले नाही तर सोबत जा. तुम्हाला स्वतःला बोलायला कोणी नसेल, तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर शासनाची मोफत समुपदेशन सेवा आहे. ती केवळ रुग्णांसाठी नाही.

प्रश्न : वय 47. आयुष्यभर जे दाबून ठेवले ते गेल्या वर्षी पत्नीला सांगितले आणि तिने समजून घेतले. मला उच्च रक्तदाब आहे, टेल्मिसार्टन चालू आहे. दिवसाला पाच-सहा सिगारेटी होतात. या वयात उपचार सुरू करण्यात अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ आहे. वयाची वरची मर्यादा कोठेही घातलेली नाही. दोन गोष्टी मात्र तुमच्या बाबतीत तरुणींपेक्षा वेगळ्या ठरतात.

चाळिशीनंतर आणि धूम्रपान असताना गुठळ्यांचा धोका वाढतो. म्हणून तुम्हाला इस्ट्राडिओल गोळीऐवजी जेलच्या रूपात घेणे अधिक सुरक्षित. त्वचेतून गेलेले औषध यकृताला पहिला धक्का देत नाही. जेल लावल्यावर ते पूर्ण सुकेपर्यंत पत्नीचा त्या जागेला स्पर्श होऊ देऊ नका, नाहीतर औषध तिच्याही अंगात जाईल. सिगारेट सोडणे ही माझ्या मते अट समजावी. डॉक्टरांनी ती घातली नाही तरी तुम्ही स्वतःला घाला.

दुसरी गोष्ट टेल्मिसार्टनची. तेही पोटॅशियम वाढवते आणि स्पायरोनोलॅक्टोनही. दोन्ही एकत्र आली तर पोटॅशियम इतके चढू शकते की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याआधी लक्षणे दिसतीलच असे नाही. रक्तदाबाचे औषध देणारे डॉक्टर एक आणि संप्रेरकांचे दुसरे, अशी स्थिती असेल तर दोघांची पत्रे दोघांनाही दाखवा. रक्तदाबाचे औषध बदलणे किंवा टेस्टोस्टेरॉन रोखायला दुसरे औषध निवडणे, हे दोन्ही शक्य आहे.

प्रश्न : मी मालवणीत गुरूंच्या घरी राहते. सहा वर्षांपूर्वी निर्वाण (लिंग व वृषणे काढून टाकणे) झाले, त्यानंतर एकही गोळी घेतलेली नाही. वय 33. अंगातून गरम वाफा निघतात, कंबर सतत दुखते. सध्या क्षयाचा कोर्स चालू आहे. आता हार्मोन घेऊन काही उपयोग आहे का?

उत्तर : उपयोग आहे, आणि तुमच्या बाबतीत तो चेहऱ्यामोहऱ्यापेक्षा हाडांसाठी अधिक आहे. वृषणे काढल्यानंतर टेस्टोस्टेरॉन जवळजवळ संपते. त्याच्या जागी इस्ट्राडिओल दिले नाही, तर शरीर दोन्ही संप्रेरकांविना राहते आणि पाळी गेलेल्या स्त्रीप्रमाणे गरम वाफा येणे, झोप उडणे, हाडे विरळ होत जाणे सुरू होते. सहा वर्षे हा लहान काळ नाही. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. क्षय मणक्यातही होऊ शकतो, म्हणून कंबरदुखीची गोष्ट क्षयाच्या डॉक्टरांना आधी सांगा आणि एक्स-रे काढायला लावा.

तुम्हाला टेस्टोस्टेरॉन रोखणाऱ्या औषधाची आता गरजच नाही, फक्त इस्ट्राडिओल पुरते. तरीही कोणी स्पायरोनोलॅक्टोन किंवा सिप्रोटेरॉन लिहून दिले, तर ते कशासाठी, हे विचारा. क्षयाच्या औषधांपैकी रिफॅम्पिसिन यकृताला इस्ट्राडिओल लवकर मोडून काढायला लावते, त्यामुळे नेहमीच्या मात्रेने रक्तातील पातळी कमी राहू शकते. तरीही क्षयाची एकही गोळी चुकवायची नाही. कोर्स संपेपर्यंत इस्ट्राडिओलची मात्रा रक्ततपासणी पाहून डॉक्टर ठरवतील, आणि कोर्स संपल्यावर रिफॅम्पिसिनचा प्रभाव साधारण दोन आठवड्यांत ओसरतो, तेव्हा पुन्हा तपासणी करून वाढवलेली मात्रा खाली आणावी लागेल. क्षयाचे डॉक्टर ही आठवण करून देतीलच असे नाही, म्हणून कोर्स संपण्याची तारीख अंतःस्राव तज्ज्ञांना आजच लिहून द्या.